शाल, श्रीफळ आणि प्रोसिडिंग



2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. त्यांच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा थेट 1942 च्या विजेच्या मनोऱ्यांकडे वळतो. ते स्वाभाविकच आहे. मुंबईकडे जाणारी वीज तोडणारा त्यांचा आझाद दस्ता याच डोंगरांत वावरला, याच वाड्यांनी त्याला भाकर दिली. पण मला आज त्याच्या आधीचे भाई कोतवाल तुमच्यासमोर आणायचे आहेत. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे नाभिक समाजात जन्मलेले माथेरानचे वकील. सावकाराच्या दारात धान्यासाठी उभं राहावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी उभारणारे, आदिवासींच्या पोरांनी शिकावं म्हणून झटणारे. आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. ज्याने पुढे रान जवळ केलं त्याने आधी सभेतली खुर्ची, अर्ज आणि ठराव ही साधनं हाताळली होती. वरच्या पठारावरची ती नगरपालिका 1905 पासूनची. तिच्या टेबलाशी बसणं हे एका न्हाव्याच्या मुलासाठी त्या काळी केवढं असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही.

म्हणून आजचा विषय बंदुकीचा नाही, सभेचा आहे. गावाची सभा, नगरपालिकेची सभा आपल्या माणसाला ओळखते कशी, आणि त्याचं ऐकते कशी, एवढंच मला बोलायचं आहे. हा विषय इथे, कर्जत तालुक्यातल्या पोशीरमध्ये मांडण्याला कारण आहे. ते शेवटी येईल.

ग्रामसभेचं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदन झालं, की शाळेच्या पटांगणात किंवा समाजमंदिरात सतरंज्या पडतात. पुढे टेबल, टेबलावर कापड, माईक. सुरुवातीला सत्कार. दहावीत पहिला आलेला मुलगा, पोलिसात भरती झालेली मुलगी, सुट्टीवर आलेला जवान, निवृत्त झालेले गुरुजी, आशाताई. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. 2023 पासून शासनाने अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, 31 मे रोजी, प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांचा सन्मान करायला सांगितलं. मला हे सगळं आवडतं, आणि ते मी मनापासून सांगतो. ज्या बाईने वीस वर्षं रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी गाडी शोधली तिला गावाने एकदा तरी समोर बोलवावं, तिचं नाव माईकवरून घ्यावं, यात खोटं काहीच नाही. गावाने आपल्या माणसाकडे मान वर करून पाहणं ही सुद्धा सार्वजनिक कामगिरीच आहे.

पण पुढचा तास पाहा. सत्कारानंतर जमाखर्चाचं वाचन, मग विषयपत्रिकेवरचे ठराव, आणि सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. लोकांचं बोलणं इथे येतं. तोवर सतरंजीचा मागचा भाग रिकामा झालेला असतो. बायका केव्हाच उठलेल्या असतात, कारण चूल वाट पाहत असते. ज्यांना बोलायचं आहे ते उभे राहतात, दोन वाक्यं बोलतात. ग्रामसेवक, म्हणजे 2024 नंतरच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकारी, मान हलवतात. आणि मग प्रोसिडिंग बुकात एक वाक्य उतरतं. ते वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलं आहे, की डोळे मिटून सांगू शकतो: 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' खाली सूचक, खाली अनुमोदक.

या एका वाक्यात काय काय गडप होतं! वरच्या आळीची बाई म्हणाली होती, की नळाला पाणी येतं पण अर्ध्या तासाने गढूळ होतं. ठाकूरवाडीचा तरुण म्हणाला होता, की साकवाचा कठडा गेल्या पावसात वाहून गेला आणि शाळेची पोरं तिथून जातात. एक म्हातारे म्हणाले होते, की गुरचरणाच्या जागेवर कुंपण पडलं आहे, मोजणी करा. ही साधकबाधक चर्चा. ती कुणी केली, काय म्हणाले, त्यावर सरपंच काय म्हणाले, यातलं काहीही कागदावर नाही. पुढच्या वर्षी तो कठडा पुन्हा कुणी काढला, तर तो विषय पहिल्यांदाच आल्यासारखा येतो. आणि उद्या दुर्दैवाने एखादं पोर वाहून गेलं, तर गावाला आधी कल्पना होती हे सिद्ध करायला वहीत एक अक्षरही नसतं.

माझं आजचं म्हणणं या जागेवर उभं आहे. सभेने माणसाला ओळखलं, असं केव्हा म्हणायचं? त्याच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा नव्हे. त्याचं म्हणणं त्याच्या नावानिशी लिहिलं गेलं, आणि त्याला उत्तर द्यायला सभा बांधली गेली, तेव्हा. शाल त्या माणसाला दिलेली असते. नोंदीने मात्र सभा स्वतःला बांधून घेते. म्हणून पहिली गोष्ट सोपी जाते आणि दुसरी जड.

हे मी कुठल्या परदेशी पुस्तकातून आणलेलं नाही. आपल्या रायगड जिल्ह्याच्या इतिहासात याचा सगळ्यात मोठा धडा आहे, आणि तो एका नगरपालिकेच्या ठरावाचा आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्या नगरपालिकेचे अध्यक्ष, बाबासाहेबांच्या बाजूने ठाम उभे राहिलेले. ठराव झाला, वहीत गेला. तळ्यावर मात्र काहीच बदललं नाही. तीन वर्षं तो ठराव कागदावर पडून राहिला. मग 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे: मारहाण, तळ्याचं तथाकथित शुद्धीकरण. पण त्यातली एक तारीख कमी लोकांना आठवते. 4 ऑगस्ट 1927. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच दिवशी महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव बहुमताने मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 ला अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

काही तरुण मला म्हणतात, की महाड हे तर तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध उदाहरण आहे. नोंद झाली होती, तिचा उपयोग काय झाला? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. नोंद आपल्या पायांनी तळ्यापर्यंत चालत जात नाही. तिला चालवायला माणसं लागतात, आणि कधी कधी डोकी फुटतात. पण ज्यांना तळं बंदच ठेवायचं होतं त्यांना तो कागद मागे घ्यावा लागला, हे ध्यानात घ्या. निर्जीव कागद असता, तर त्याच्यासाठी पुन्हा सभा बोलावून, बहुमत जमवून तो रद्द करण्याची धडपड कुणी केली असती? सत्याग्रहींच्या हातात 'हे तळं सार्वजनिक आहे असं तुमच्याच सभेने म्हटलं आहे' हे वाक्य होतं. ते वाक्य काढून घेणं विरोधकांना अत्यावश्यक वाटलं. नोंदीचं बळ किती असतं हे तिच्या शत्रूंनी आपल्याला शिकवलं.

आणि महाडचा दुसरा धडा असा, की ठराव करणाऱ्या त्या सभागृहात, ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता त्यांचा आवाज कितीसा होता? त्यांच्याबद्दल ठराव झाला, त्यांच्याबद्दलच तो मागे घेतला गेला. दोन्ही वेळी निर्णय दुसऱ्यांच्या हातात. आजची ग्रामसभा या बाबतीत फार पुढे आहे, निदान कायद्याने.

त्या कायद्याकडे जरा शांतपणे पाहू, कारण आपल्या हातात काय आहे हे आपल्यालाच पुरतं माहीत नसतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, कलम 243 क. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावं लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. वर्षातून किमान चार सभा. सभेआधी दवंडी, सूचना. सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. सभा न बोलावणाऱ्या सरपंचावर पद गमावण्याची वेळ येऊ शकते. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. आता हिशेब करा. एका पंचायतीत चार हजार मतदार असले, तर 15 टक्के म्हणजे सहाशे. पण शंभर पुरतात. म्हणजे शेकडा अडीच. शंभरही आले नाहीत, तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेशी याची तुलना करून पाहा. 2012 च्या सुधारित नियमांनुसार तिथे निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ज्या कायद्याला वाडीचं ऐकायचं होतं त्याने कोरम निम्म्यावर ठेवला. ज्याला सभा पार पाडायची होती त्याने शंभरावर.

आणि वाडीबद्दल बोलायचं, तर त्या चार तारखांकडेच पुन्हा पाहिलं पाहिजे. कर्जत-खालापूरच्या कातकरीवाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. वीटभट्टीचा मुकादम उचल देतो, आणि घराला कडी लावून सगळं कुटुंब निघतं. म्हातारी माणसं आणि एखादं आजारी पोर मागे राहतं. परत येणं पावसाच्या तोंडावर. आता सांगा, 26 जानेवारीला ही माणसं कुठे असतात? भट्टीवर. 1 मेला? भट्टीवर. 2 ऑक्टोबरला हळवं भात कापणीला आलेलं असतं, तेव्हा मजुरीचा दिवस कोण सोडेल? उरला 15 ऑगस्ट. म्हणजे ज्यांना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ओळख दिली, त्या कातकऱ्यांना आपल्याच गावच्या सभेत बसायला वर्षातून एक दिवस मिळतो. त्या सभा कुणी वाईट बुद्धीने या तारखांना ठेवल्या नाहीत. राष्ट्रीय सणाला गाव जमतं, म्हणून ठेवल्या. पण गाव म्हणजे कोण, हे ठरवताना वाडी विसरली गेली, हे मान्य करायला हवं. पावसाळा सुरू झाल्यावर, लावणीची घाई ओसरली की, जुलैच्या शेवटी एक सभा वाडीवर जाऊन घेता येणार नाही का? कायद्याने किमान चार म्हटलं आहे, पाचवीला बंदी नाही.

शेजारच्या मुरबाडच्या पलीकडे शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. रायगड जिल्हा त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्या ठाकूरवाड्यांना ती वाट नाही, महसुली गावाच्या मोठ्या सभेतच त्यांना आवाज शोधावा लागतो. सह्याद्रीची तीच रांग, तेच ठाकूर, तेच कातकरी, पण तालुक्याची रेघ ओलांडली की सभेतला हक्क बदलतो.

इथे मला इर्शाळवाडीबद्दल बोलणं भाग आहे. 19 जुलै 2023 ची रात्र. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकूरांची वाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला गेला. ती वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असं नंतर विधिमंडळात सांगण्यात आलं. यादी करणारे भूवैज्ञानिक आपलं काम करतात, त्यांच्या पद्धतीबद्दल मी आज काही म्हणणार नाही. माझा प्रश्न आपल्या सभांना आहे. डोंगरावर राहणाऱ्या माणसाला जमिनीत भेग दिसते, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालेलं कळतं, झाड कलल्याचं कळतं. हे कळणं कुठल्या वहीत जातं? कर्जत-खालापूरच्या प्रत्येक डोंगरवाडीने दर मे महिन्यात आपल्या वरच्या उताराबद्दल काय पाहिलं, ते सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून तहसीलदारांकडे पाठवायचं, असा एक साधा ठराव प्रत्येक पंचायत करू शकते. तो केलेला असावा, असं मला फार तीव्रपणे वाटतं.

आता गावातून शहरात जाऊ, कारण तिथे एक विचित्र गोष्ट आहे. ग्रामसभेत पोशीरचा माणूस हक्काने उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. कर्जत नगरपरिषदेत, खोपोलीत तो हक्क नागरिकाला नाही. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत तो प्रेक्षक म्हणून बसू शकतो. बोलायचं नगरसेवकांनी. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. आपली गावं त्यात बसत नाहीत. 2009 मध्ये महाराष्ट्राने शहरांतल्या मतदारांच्या क्षेत्रसभांचा कायदाही केला, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. तो कागदावरून रस्त्यावर उतरलाच नाही. पुण्याने 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातल्या छोट्या कामांच्या सूचना अंदाजपत्रकासाठी मागवल्या, हा त्यातल्या त्यात टिकलेला प्रयत्न.

म्हणजे गाव वाढलं, इमारती आल्या, नगरपंचायत झाली, की दिवे येतात, गटारं येतात आणि ग्रामसभा जाते. खालापूर नगरपंचायत झालं, तेव्हा तिथल्या मतदाराने बोलण्याचा हक्क गमावला. त्याबद्दल कुणी त्याला विचारलं नाही, आणि त्यालाही ते कळलं नसावं. नेरळच्या लाइनीला जी गावं उद्या शहर होऊ पाहत आहेत त्यांनी या गोष्टीचा विचार आजच करावा. मी नगरपंचायतीच्या विरोधात नाही. कचऱ्याचं आणि सांडपाण्याचं काम ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेलेलं मी पाहतो. पण शहर होताना ग्रामसभेसारखी हक्काची सभा आम्हाला हवी, ही मागणी त्या प्रस्तावातच लिहिलेली असली पाहिजे.

जगात हे कसं चालतं, असं विचाराल, तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचं उदाहरण देतो. तिथे 1953 मध्ये ब्राउन कायदा झाला. नगर परिषदेची सभा सर्वांसाठी खुली असावी, विषयपत्रिका आधी लावावी, आणि विषयपत्रिकेवरच्या विषयावर निर्णय होण्याआधी नागरिकाला बोलू द्यावं, असं आज तो कायदा सांगतो. बऱ्याच शहरांत सभेच्या सुरुवातीला आपल्यासारखेच सन्मान होतात: एखाद्या शिक्षिकेचा, अग्निशमन दलाच्या जवानाचा, शाळेच्या संघाचा. नंतर नागरिक रांगेने माईकपाशी येतात. दोन-तीन मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की बसायचं. यात उणिवा आहेत. तीन मिनिटांत आरडाओरडाही होतो, आणि रात्री उशिरापर्यंत थांबू शकणाऱ्यांचाच आवाज मोठा राहतो. तरी एक गोष्ट तिथून घेण्याजोगी आहे. बोलणं निर्णयाच्या आधी होतं. आपल्याकडे ठराव आधी वाचला जातो, हात वर होतात, आणि मग 'कुणाला काही बोलायचं आहे का?'

बोलणं निर्णयाआधी आलं आणि सन्मान बोलण्यातूनच उगवला, तर काय होतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवलं. शिरोळ तालुक्यातलं गाव. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: पतीच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. हा सुद्धा सत्कारच होता, फार मोठा. त्यात शाल नव्हती. ज्या बाईला हळदीकुंकवाच्या दारातून मागे फिरावं लागायचं तिला गावाने सभेत, वहीत, सही-अंगठ्यानिशी आपलं म्हटलं. अशा ठरावानंतर घराघरांतल्या चालीरीती एका दिवसात बदलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आता बदलू पाहणाऱ्या बाईला दाखवायला एक कागद आहे. महाडच्या सत्याग्रहींकडे होता तसा.

आणि रायगडात लोकांना विचारलं गेल्याचा एक दिवस आपण विसरता कामा नये. 21 सप्टेंबर 2008. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांना विचारण्यात आलं, की महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची आहे का. शेतकरी रांगा लावून आले आणि त्यांनी आपलं मत कागदावर लिहून दिलं. चरीच्या संपाचा हा जिल्हा, 1933 ते 1939 अशी सहा वर्षं नारायण नागू पाटलांच्या मागे खोतांविरुद्ध जमीन ओस ठेवणाऱ्या कुळांचा. त्याच्याच शेजारच्या तालुक्यात प्रशासनाने शेतकऱ्याला थेट प्रश्न विचारला, ही देशभरात दखल घेतली गेलेली घटना होती. ते मत सरकारवर कायद्याने बंधनकारक नव्हतं. तरी तो प्रकल्प त्या जमिनीवर उभा राहिला नाही. लोकांचं म्हणणं एकदा मोजून, लिहून घेतलं, की त्याला नसल्यासारखं वागवणं कोणत्याही सरकारला जड जातं.

आता पोशीरकडे येतो. सुरुवातीला म्हटलं होतं की कारण शेवटी सांगेन. पोशीर नदीवर कर्जत तालुक्यात धरण होणार आहे. महामुंबईच्या शहरांची तहान भागवण्यासाठी त्याची आखणी झाली, आणि 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सहा हजार कोटींहून अधिक खर्चाला मान्यता दिली. या सभागृहात त्याच्या बाजूचे आणि विरोधातले दोन्ही बसले आहेत, आणि मी इथे कौल द्यायला आलेलो नाही. बदलापूरच्या इमारतीत टँकरची वाट पाहणारी बाई आणि पाण्याखाली जाणाऱ्या वावराकडे पाहणारी बाई, दोघींचं म्हणणं खरं आहे. माझा आग्रह एवढाच, की ज्यांची घरं, शेतं आणि देवराया जाणार त्यांचं म्हणणं 'साधकबाधक चर्चा' या दोन शब्दांत गाडलं जाऊ नये.

2013 च्या भूसंपादन कायद्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक बाधित घराने तोंडपाठ कराव्यात. पहिली: कायद्याने संपादन होणार असेल, तर प्राथमिक अधिसूचनेतला मजकूर खास त्यासाठी बोलावलेल्या ग्रामसभेत सांगावा लागतो. दुसरी: त्या अधिसूचनेपासून 60 दिवसांत प्रत्येक हितसंबंधिताला लेखी हरकत देता येते, आणि हरकतदाराचं प्रत्यक्ष ऐकून घेणं जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. तिसरी: पुनर्वसनाच्या योजनेवर जाहीर सुनावणी व्हावी लागते, आणि ज्या ग्रामसभेच्या हद्दीतली 25 टक्क्यांहून अधिक जमीन जाणार असेल तिथे ती त्या ग्रामसभेतच व्हावी लागते. सरकारी प्रकल्पाला गावाची संमती लागत नाही, हेही स्पष्ट सांगतो. खोटी आशा मला द्यायची नाही. आणि थेट खरेदीच्या वाटेने जमीन घेतली जाते तेव्हा यातले बरेच टप्पे गळून पडतात. म्हणून खरेदीखतावर सही करण्याआधी शेतकऱ्याने दहादा विचार करावा, आणि तो ग्रामसभेत मोठ्याने करावा.

हरकत तोंडी देऊ नका. वहीत 'ग्रामस्थांनी विरोध दर्शवला' असं लिहू देऊ नका. कुणी, कोणत्या गट नंबरबद्दल, काय म्हटलं, ते वेगळं लिहायला लावा. विहीर आहे का, आंब्याची झाडं किती, कुळकायद्यात नाव लागलं आहे की नाही, वनपट्टा मिळाला आहे की दावा पडून आहे, देवाचं ठिकाण कुठे, मसणवटा कुठे. कातकऱ्याच्या नावावर जमीन नसते, पण त्याची नदी असते, त्याची मासेमारी असते, त्याचं रान असतं. त्याचा हितसंबंध सातबाऱ्यावर सापडणार नाही. तो सापडायचा एकच कागद आहे, ग्रामसभेचं प्रोसिडिंग. त्याची नक्कल मागा. मिळाली नाही, तर 2005 च्या माहितीच्या अधिकारात मागा. आणि ही सुनावणी भट्टीच्या दिवसांत लावली जात असेल, तर तारीख बदला असा पहिला ठराव तुम्हीच करा, सूचक म्हणून वाडीतल्या बाईचं नाव घाला, आणि तो ठराव सत्कारांच्या आधी घ्या.